कर्ज माझं नाही, मग रिपोर्टमध्ये कसं आलं?

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत लिपिक असलेल्या ४७ वर्षांच्या ताई लिहितात: मुलीला पुण्यात इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून सही करायला त्या बँकेत गेल्या, तर मॅनेजरनी क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण) ५९१ असल्याचं आणि दोन खाती थकीत दिसत असल्याचं सांगून फाइल बाजूला ठेवली. ‘मी आयुष्यात कधी कर्ज घेतलं नाही,’ असं ताईंचं म्हणणं. त्यांनी स्वतःचा सिबिल रिपोर्ट, म्हणजे नावावरच्या कर्जांच्या नोंदींचा अहवाल काढला, त्यात तीन खाती निघाली, त्यातलं एक अडतीस हजारांचं थकलेलं कर्ज. एकही ओळखीचं वाटेना. एक पत्ता गुरुग्रामचा, एक मोबाईल नंबर अनोळखी. मध्यंतरी शाळेच्या फोनवर वसुलीचे फोनही येऊ लागले आहेत. त्यांचा संशय सख्ख्या बहिणीच्या मुलावर आहे. तो शिकायला त्यांच्याकडे राहत होता, ताईंचे सगळे ऑनलाइन फॉर्म तोच भरायचा, पॅन आणि आधारचे फोटो त्याच्या मोबाईलमध्ये आहेत. यजमान म्हणतात, अडतीस हजारांचा तर प्रश्न आहे, भरून टाक आणि मोकळी हो. पोलिसात गेलीस तर बहीण कायमची तुटेल. पैसे भरू, तक्रार करू, की भाच्याला समोर बसवून विचारू, असं ताई विचारतात. रिपोर्टची प्रत त्यांनी नावं आणि नंबर खोडून सोबत जोडली आहे.

---

ताई,

सगळ्यात आधी एक विनंती. आज, उद्या, या आठवड्यात त्या अडतीस हजारांतला एक रुपयाही भरू नका. फोनवरच्या माणसाने ‘निदान दोन हजार तरी टाका, केस थांबवतो’ म्हटलं तरी नाही. का, ते पुढे सांगते. आणि भाच्याशीही अजून काही बोलू नका. तुम्ही पाठवलेला रिपोर्ट मी नीट वाचला. त्यात तुम्हाला एकच संकट दिसतंय, पण मला तिथे तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसताहेत. त्यातली चोरीची म्हणावी अशी एकच आहे.

पहिलं खातं घ्या. प्रकार ‘कन्झ्युमर लोन’, उघडल्याचं साल २०२१, रक्कम २३,५००, स्थिती ‘क्लोज्ड’. डीपीडीच्या सगळ्या चौकटींत ०००. डीपीडी म्हणजे हप्ता किती दिवस थकला तो आकडा. सगळीकडे ००० म्हणजे एकही हप्ता चुकलेला नाही. चोरटा दुसऱ्याच्या नावावर कर्ज काढून ते इतक्या इमानाने फेडत नाही. २०२१ मध्ये घरात फ्रिज, वॉशिंग मशीन किंवा मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी मोबाईल हप्त्यांवर घेतला होता का? दुकानात ‘झिरो कॉस्ट ईएमआय’ म्हणतात, आपण दोन-तीन सह्या करतो, ओटीपी सांगतो आणि वस्तू घरी येते. ते कर्जच असतं, आणि रिपोर्टमध्ये दुकानाचं नाव नसतं, पैसे देणाऱ्या वित्त कंपनीचं असतं. म्हणून ते ओळखीचं वाटत नाही. ‘कधी कर्ज घेतलं नाही’ हे वाक्य तुम्ही मनापासून लिहिलं आहे यात मला शंका नाही. पण आपण ज्याला कर्ज म्हणतो त्यापेक्षा रिपोर्टमधल्या कर्जाची यादी बरीच लांब असते. हप्त्यावरची वस्तू, क्रेडिट कार्ड, ‘पे लेटर’ची सोय, सोनं तारण, बचत गटातून मिळालेलं कर्ज, सगळं त्यात येऊ शकतं. हे खातं तुमचंच असेल तर त्याला हात लावू नका. वेळेवर फेडलेलं कर्ज तुमच्या बाजूने बोलतं.

दुसरं खातं एका नागरी सहकारी बँकेतलं. २०२० मधलं वाहन कर्ज, चार लाख. तुम्ही त्याच्यापुढे लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलंय. त्याच ओळीत थोडं उजवीकडे ‘ओनरशिप’ म्हणून रकाना आहे, तिथे काय लिहिलंय बघा: ‘गॅरंटर’. म्हणजे हे कर्ज तुम्ही घेतलेलं नाही, तुम्ही कुणाला तरी जामीन राहिला आहात. शाळेतला एखादा सहकारी, त्याची गाडी, स्टाफरूममध्ये पुढे केलेला फॉर्म, ‘मॅडम, फक्त एक सही,’ असं काही आठवतंय का? आपल्याकडे पगारदार माणसाला जामिनासाठी सही मागणं आणि त्याने ती देणं हा जवळपास शिष्टाचार झाला आहे. सही विसरली जाते, पण कर्जदाराने हप्ते थकवले की ते जामीनदाराच्या रिपोर्टमध्येही उमटतात. तुमच्या या खात्यात मागच्या काही महिन्यांत ०३०, ०६१ असे आकडे आहेत. मॅनेजरनी सांगितलेल्या दोन थकीत खात्यांतलं एक हेच.

आणि इथे मला त्या फोनांबद्दल शंका येते. शाळेच्या लँडलाइनवर फोन करणारी माणसं कुठल्या कर्जाबद्दल बोलताहेत, हे तुम्ही विचारलंय का? गुरुग्रामचा पत्ता आणि परका मोबाईल देऊन ज्याने कर्ज उचललं, त्याने तुमच्या शाळेचा नंबर मुद्दाम लिहिला असेल हे मला जरा अवघड वाटतं. जामिनाच्या फॉर्मवर मात्र नोकरीच्या ठिकाणाचा फोन बहुधा लिहिलेला असतो. कदाचित ते फोन सहकाऱ्याच्या गाडीसाठी असतील. पुढच्या वेळी फोन आला की तीन गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या: संस्थेचं नाव, कर्ज खात्याचा क्रमांक, बोलणाऱ्याचं नाव. याखेरीज ‘हो’, ‘बघते’, ‘भरते’ असं काहीही बोलू नका. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. धमकी किंवा शिवीगाळ तर कुठल्याच वेळेला चालत नाही. तसं झालं तर तारीख-वेळ नोंदवून ठेवा, तक्रारीला जोडता येतं.

जामिनाचं खातं खरंच तुमचं निघालं तर त्याचा मार्ग वेगळा. त्यात पोलीस नाहीत, सायबर सेल नाही. सहकाऱ्याला भेटायचं, थकलेले हप्ते भरायला लावायचे, बँकेला पत्र देऊन खात्याचा उतारा मागायचा. जामीनदार म्हणून तुम्हाला तो मागता येतो. ‘हे माझं नाही’ अशी तक्रार या खात्याबद्दल केलीत तर बँक तुमचीच सही पुढे ठेवेल, आणि मग खऱ्या फसवणुकीच्या तक्रारीकडेही लोक संशयाने बघतील. म्हणूनच मी म्हणते, तक्रार लिहायच्या आधी रिपोर्ट ओळीओळीने वाचायचा.

आता तिसरं खातं. माझी खरी काळजी इथे आहे.

पर्सनल लोन, ३८,०००, एका एनबीएफसीकडून (बँक नसलेल्या वित्त कंपनीकडून), गेल्या ऑक्टोबरमधलं. ओनरशिप ‘इंडिव्हिज्युअल’, म्हणजे एकट्या तुमच्या नावावर. नोव्हेंबरच्या चौकटीत ०२५, डिसेंबरला ०५६, जानेवारीला ०८७, फेब्रुवारीला ११५. हे आकडे वाचायची एक रीत आहे. पहिल्याच हप्त्यापासून दिवस चढत गेलेत, मध्ये कुठेही ते खाली आलेले नाहीत, म्हणजे पहिला हप्तासुद्धा कुणी भरलेला नाही. अडचणीत आलेला प्रामाणिक कर्जदार आधी दोन-चार हप्ते भरतो, मग घसरतो. पैसे हातात पडताच कर्जाकडे पाठ फिरवणं हे फसवणुकीचं नेहमीचं लक्षण आहे. त्याला ‘एन्क्वायरी’चा भाग जोडून पाहा. ऑक्टोबरच्या एकाच आठवड्यात चार वेगवेगळ्या संस्थांनी तुमचा रिपोर्ट मागवला आहे, चारही वेळा पर्सनल लोनसाठी, रक्कम पंचवीस ते पन्नास हजारांच्या आत. कुणीतरी तुमच्या पॅनवर चार दारं ठोठावली, त्यातलं एक उघडलं. नुसत्या एन्क्वायऱ्या असत्या तर मी इतकी ठाम नसते, कारण गाडीच्या शोरूममध्ये एक अर्ज केला तरी तिथला माणूस तो चार-पाच ठिकाणी पाठवतो आणि तितक्या एन्क्वायऱ्या दिसतात. पण इथे एन्क्वायऱ्या, न भरलेला पहिला हप्ता, परका नंबर आणि त्याच महिन्यात नोंदवलेला गुरुग्रामचा पत्ता, हे सगळं एकमेकांशी जुळतंय. हे कर्ज तुम्ही घेतलेलं नाही असं धरून चालायला पुरेसा आधार आहे.

तरी तक्रारीआधी दोन खात्र्या करून घ्या. एक, रिपोर्टमधलं कंपनीचं नाव आणि मोबाईलवरच्या ॲपचं नाव बऱ्याचदा वेगळं असतं. ॲप एकाचं, पैसा दुसऱ्याचा. तुमच्या फोनमध्ये गेल्या ऑक्टोबरमध्ये असं एखादं ॲप कुणी टाकलं होतं का, ते पाहा. दोन, तुमच्या सगळ्या बँक खात्यांची ऑक्टोबरची एंट्री पासबुकात भरून आणा आणि अडतीस हजारांच्या आसपासची रक्कम जमा झाली का, ते डोळ्यांनी बघा. थोडी कमीही असू शकते, प्रोसेसिंग फी कापून घेतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम घालून दिले. काही ठरावीक अपवाद सोडले तर कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यातच जमा झाली पाहिजे. म्हणून हा पैसा कुठल्या खात्यात गेला, या प्रश्नाभोवती सगळं फिरतं. तुमच्या खात्यात तो आलेला नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे. कुठे गेला हे कंपनीला सांगावं लागेल, आणि ‘भाचा की कुणी परका’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच मिळेल.

भाच्याबद्दल बोलते. तुमचा संशय निराधार आहे असं मी म्हणणार नाही. ओळखपत्रांचा गैरवापर घरातल्या, ओळखीच्या माणसाने केल्याच्या कितीतरी गोष्टी कानावर येतात, कारण कागद, फोन आणि ओटीपी तिन्ही त्याच्या हाताशी असतात. पण तुमच्याकडे आत्ता पुरावा म्हणून एवढंच आहे की त्याच्याकडे फोटो होते. ते फोटो आणखी कुणाकुणाकडे आहेत, याची यादी करून बघा. सिम कार्ड घेताना दिलेली झेरॉक्स, लॉजवर दिलेली, मुलीच्या प्रवेशाला दिलेली, महा ई-सेवा केंद्रात व्हॉट्सॲपवर पाठवलेली. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकाच्या डेस्कटॉपवर गावातल्या निम्म्या लोकांची आधार कार्डं उघडी पडलेली असतात, आपण आपली प्रिंट घेऊन निघून येतो. शिवाय पॅन मिळवायला तुमच्या घरात शिरायचीही गरज नसते. २०२३ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली होती, तिने नामवंत क्रिकेटपटू आणि अभिनेत्यांचे पॅन त्यांच्या जीएसटी क्रमांकातून काढून त्यांच्या नावाने क्रेडिट कार्डं मिळवली होती. जीएसटी क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे असतात, आपल्याकडे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे सरळ मालकाचा पॅन. ज्या वाचकांचं स्वतःच्या नावावर जीएसटी नोंदणी असलेलं दुकान आहे, त्यांचा पॅन त्यांच्या प्रत्येक बिलावर छापलेला असतो. त्यांनी तर रिपोर्ट दरवर्षी बघायलाच हवा.

तेव्हा भाच्याला आजच समोर बसवलंत आणि तो निर्दोष निघाला, तर झालेलं नुकसान कुठल्याच रिपोर्टमध्ये दुरुस्त करता येणार नाही. आणि तो दोषी असला तर तुमच्या हातात कागद नसताना तो ‘मावशी, मी कशाला?’ म्हणेल आणि गोष्ट तिथेच अडकेल. आधी कागद मागवा.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीत आहे: तक्रार म्हणजे भाच्यावर तक्रार. तसं नाही. तक्रार अज्ञात व्यक्तीविरुद्ध देता येते, आणि तुमच्या बाबतीत प्रामाणिक तक्रार तीच ठरेल. कुणी केलं हे तुम्हाला माहीत नाही. ‘माझ्या नावाने, माझ्या संमतीशिवाय, अमुक तारखेला अमुक संस्थेकडून कर्ज घेतलं गेलं’ एवढंच तुम्ही खात्रीने सांगू शकता, तेवढंच लिहा. राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर ती नोंदवा, पोचपावतीचा क्रमांक जपा, आणि तीच तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी द्या. तुमच्यासारख्या प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी लागतं. दुसऱ्याची ओळख अप्रामाणिकपणे वापरल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ज्या वाचकांच्या खात्यातून आत्ता, या क्षणी पैसे जाताहेत त्यांनी मात्र पत्रं लिहीत बसू नये, थेट १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावावा.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. अज्ञाताविरुद्धची तक्रारही तपासात माणसापर्यंत पोचते. बँक खातं, मोबाईल नंबर, अर्जाच्या वेळी काढलेला सेल्फी, यांतून नाव निघतं. ते भाच्याचं निघालं तर गुन्हा मागे घेणं तुमच्या एकटीच्या हातात राहणार नाही. हे माहीत असूनच पाऊल टाका. म्हणून क्रम असा ठेवा असं मी सुचवेन: आधी कंपनीला आणि सिबिलला लेखी हरकत, पैसे कुठल्या खात्यात गेले याची माहिती, आणि ती हातात आली की पुढचं. कंपनी पोलीस तक्रारीची प्रत मागेल अशी दाट शक्यता आहे. ती मागेपर्यंत थांबायचं की आधीच द्यायची, हा निर्णय तुमचा. अनोळखी माणसाकडून झालेल्या फसवणुकीत मी कुणालाही एक दिवससुद्धा थांबायला सांगणार नाही, कारण तोच पॅन पुढच्या आठवड्यात पाचव्या दाराशी जाऊ शकतो. तुमच्या बाबतीत थोडे दिवस थांबण्याला कारण आहे, महिनोन् महिने थांबण्याला नाही.

कंपनीला लिहायचं पत्र ग्राहक सेवेच्या फोनवर बोलून होत नाही. वेबसाइटवर तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल द्यावाच लागतो, त्यावर पाठवा. ‘हे कर्ज मी घेतलेलं नाही’ असं पहिल्याच वाक्यात लिहा आणि मग मागण्या करा: कर्जाचा अर्ज आणि करार, जोडलेली ओळखपत्रं, अर्जावेळचा फोटो किंवा व्हिडिओ, ओटीपी कुठल्या मोबाईलवर गेला तो नंबर, रक्कम कुठल्या बँक खात्यात जमा झाली आणि हप्त्यासाठी कुठलं खातं जोडलं होतं. चौकशी पूर्ण होईपर्यंत वसुली थांबवा, हेही त्यातच. कंपन्या सगळी माहिती पहिल्या फटक्यात देत नाहीत, पण लेखी मागणी झाली की ती फाइलमध्ये राहते आणि पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालासमोर (तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यासमोर) किंवा पोलिसांसमोर कामाला येते.

त्याच दिवशी सिबिलच्या वेबसाइटवर डिस्प्यूट, म्हणजे हरकत टाका. त्या खात्यापुढे ‘हे खातं माझं नाही’ असा पर्याय असतो. परका पत्ता आणि परका मोबाईल नंबर यांवर वेगळी हरकत घ्या, लोक नेमकं हेच विसरतात. सिबिल स्वतःहून एक आकडाही बदलत नाही. ते तुमची हरकत कंपनीकडे पाठवतात आणि तिचं उत्तर येईल तसं करतात, म्हणून कंपनीला वेगळं पत्र हवंच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने या सगळ्याला ३० दिवस आहेत. त्यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेला. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. रक्कम लहान आहे, पण पत्रात तिचा उल्लेख केला की समोरच्याला कळतं की तुम्हाला नियम माहीत आहे. तीस दिवसांनी उत्तर नाही किंवा पटणारं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. तिला फी नाही, वकील लागत नाही. सिबिलसारख्या कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून त्या लोकपालाच्या कक्षेत आहेत.

कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्यांपैकी सिबिल ही एक. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या बाकीच्या तीन. एका संस्थेच्या रिपोर्टमध्ये जे दिसत नाही ते दुसरीकडे दिसू शकतं, म्हणून या तिन्हींकडचे रिपोर्टही काढा. २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत दिला पाहिजे, असा नियम आहे. वेबसाइटवर पैसे भरायचे पॅक मोठ्या अक्षरांत असतात आणि मोफतचा दुवा कोपऱ्यात. तो शोधा. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. आणि हो, बँकेकडे जो रिपोर्ट जातो त्यात इतर संस्थांची नावं झाकलेली असतात, तिथे ‘नॉट डिस्क्लोज्ड’ असं येतं. तुमचे मॅनेजर कंपनीचं नाव सांगत नव्हते त्यात त्यांचा आडमुठेपणा नव्हता, त्यांना ते दिसतच नव्हतं.

आता यजमानांचं म्हणणं. त्यांची घाई मला समजते. मुलीच्या फीची तारीख डोक्यावर आहे आणि मेव्हणीचं घर सांभाळायचं आहे. पण पैसे भरून काय होईल ते पाहू. कंपनीच्या लेखी तुम्ही कर्ज मान्य केलं असा त्याचा अर्थ होईल, आणि नंतर ‘फसवणूक झाली’ म्हणायला जागा उरणार नाही. खातं बंद होईल, पण ०२५, ०५६, ०८७ हे आकडे पुसले जाणार नाहीत. क्रेडिट माहिती किमान सात वर्षं जपून ठेवली जाते. कंपनी ‘थोडं कमी घेऊन मिटवू’ म्हणाली तर ते आणखी वाईट, खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा लागतो आणि पुढची बँक तो बघून मागे सरकते. आणि ज्याने हे केलं त्याच्यासाठी तुमचा पॅन चालू राहील. म्हणजे अडतीस हजार जातील आणि मुलीचं कर्ज तरीही अडेल.

त्या कर्जासाठी मला दुसरा मार्ग दिसतो. सहकर्जदार आईच हवी असं नसतं. यजमानांचं उत्पन्न आणि त्यांचा रिपोर्ट ठीक असेल तर वडील सहकर्जदार म्हणून अर्ज करा. त्यांचाही रिपोर्ट आधी काढून बघा, एकाच घरातले कागद बहुधा एकत्रच फिरलेले असतात. आणि मॅनेजरना लेखी पत्र द्या: या खात्याबद्दल हरकत घेतली आहे, हे डिस्प्यूटचे क्रमांक, ही कंपनीला पाठवलेल्या पत्राची प्रत. तोंडी सांगितलेलं फाइलला लागत नाही. कर्ज मंजूर होईलच असं मी म्हणत नाही, पण ‘थकबाकीदार’ आणि ‘लेखी हरकत घेतलेली ग्राहक’ यांत फरक करणारे अधिकारी आहेत.

कागद हातात आले आणि बँक खातं भाच्याचं निघालं, तर? तेव्हा त्याला बोलवा, आणि बहिणीला आधी सांगा. तुमच्याकडून तिला कळू द्या, पोलिसांकडून नाही. त्याने कबूल केलं आणि सगळी रक्कम व्याजासकट स्वतः भरून ‘नो ड्यूज’ (काही देणं बाकी नाही) पत्र आणून दिलं, तर ते प्रकरण घरात मिटवण्याचा पर्याय तुमच्यापुढे असेल. मात्र मग ते कर्ज तुमच्या नावावर फेडलेलं कर्ज म्हणून राहील, उशिराच्या नोंदींसकट, आणि ती किंमत तुम्ही मोजाल. ती मोजायची की नाही हे तुम्ही ठरवा. बहिणीने नाही, यजमानांनीही नाही. तुमच्या जागी मी काय केलं असतं असं विचाराल, तर त्याचं वय, त्याला पैसे कशाला लागले आणि त्याने खरं किती लवकर सांगितलं, यावर मी ठरवलं असतं. पण खोटं सांगून ‘मीच घेतलं होतं’ असं कंपनीला लिहून देऊ नका, कुणी पाया पडलं तरी.

मधल्या काळात आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, आधारच्या अधिकृत ॲपवरून होतं. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावाने किती सिम चालू आहेत ते दिसतं. तुमचा नसलेला नंबर असेल तर ‘हा माझा नाही’ अशी नोंद तिथेच करता येते, आणि रिपोर्टमधला तो परका नंबर त्यात आहे का हे जरूर ताडून बघा. आयकर पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण उघडून तुमच्या पॅनवर भलतेच व्यवहार नाहीत ना, तेही बघा. यापुढे आधार द्यायची वेळ आली तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार द्या, आणि प्रत्येक झेरॉक्सवर आडवं, अक्षरांवरूनच लिहा: कशासाठी, कुणाला, तारीख. सिबिलच्या नोंदीत तुमचा आत्ताचा मोबाईल नंबर आहे ना, ते पाहा. तुमचा रिपोर्ट कुणी मागवला की संदेश पाठवायचं बंधन या कंपन्यांवर आहे, पण संदेश जातो तो त्यांच्याकडे नोंदलेल्या नंबरावर.

‘सिबिल क्लिअर करून देतो’ अशा पाट्या लावून बसलेल्या एजंटांकडे तुम्ही जाऊ नका, कुणाला पाठवूही नका. वर लिहिलंय त्यापलीकडे कायदेशीर असं ते काहीही करू शकत नाहीत, आणि ते पहिली मागणी करतात ती पॅन, आधार आणि ओटीपीची.

दुरुस्ती झाली असं कंपनीने कळवलं की फोनवरच्या शब्दावर समाधान मानू नका. ‘सदर कर्जाशी तुमचा संबंध नाही’ असं पत्र घ्या, आणि महिन्याभराने चारही रिपोर्ट पुन्हा काढून ते खातं, तो पत्ता आणि तो नंबर तिथून गेलाय का ते बघा. एका ठिकाणी राहिला असेल तर त्या संस्थेकडे याच पत्राची प्रत जोडून हरकत टाका. जामिनाचं खातं तेव्हाही दिसेलच. त्या सहकाऱ्याला मात्र याच आठवड्यात भेटा.